नावडता सिनेमा

माझ्या रूममेटने मुलाखतीच्या फॉर्ममध्ये छंद म्हणून काय लिहिलंय हे आमच्या ग्रुपला कळलं, तोवर फॉर्म जाऊन चुकला होता. बाकीच्यांनी योगासनं, वाचन, क्रिकेट असं शहाण्यासारखं लिहिलं होतं. हिने लिहिलं होतं, ‘कमिंग-ऑफ-एज सिनेमे पाहणे’. म्हणजे पोरंपोरी वयात येतात, धडपडतात, मोठी होतात, त्या गोष्टींचे सिनेमे.

“याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण,” आमच्यातला सिनियर म्हणाला. तो मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेला होता, त्यामुळे आमच्यात त्याचा शब्द चालायचा. “योगासनांवर बोर्ड विचारून विचारून काय विचारणार? सिनेमा म्हटलं की लगेच कोणता, आणि कोणता ते सांगितलं की लगेच का.”

जुन्या राजेंद्र नगरात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. खोली कसली, एका मोठ्या खोलीचे प्लायवूड लावून पाडलेले तुकडे, त्यातला एक आमचा. ती वाशिमकडच्या खेड्यातली, मी बीडची, आणि दोघीही दिल्लीला कलेक्टर व्हायला आलेलो. माझं पाणी केव्हाच जोखलं गेलं होतं, मी नोएडात नोकरी शोधत होते. ती मात्र मुलाखतीपर्यंत पोचली होती आणि हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. वय आणि संधी दोन्ही इथे संपत होत्या. गावी तिचे वडील भेटेल त्याला सांगत होते की पोरगी दिल्लीत आहे, आता काम होतंय. ते सगळं मुलाखतीच्या त्या अर्ध्या तासावर येऊन ठेपलं होतं.

आवडता सिनेमा कोणता, याचं तिच्याकडे उत्तर होतं. तो आम्ही मेट्रोने नोएडाला जाऊन सकाळच्या स्वस्त खेळाला पाहिला होता. लहान गावातली एक पोर. बारावीत नापास होते आणि घरी सांगते, पास झाले. आई गल्लीभर पेढे वाटते. पोर वाटू देते, वर स्वतःही खाते. मग खोटं उघडं पडतं. आई रडते, काका हात उगारतो, मास्तर घरी येऊन समजावतात, आणि थेटरातले सगळे वाट बघत बसतात की आता ही आईच्या गळ्यात पडेल. ती पडत नाही. सकाळी उठून बसस्टँडवर जाते, गाडीला वेळ असतो म्हणून भज्यांची प्लेट घेते आणि भजीवाल्याकडे अजून मिरच्या मागते. संपला सिनेमा.

“शर्म नाम की चीज ही नहीं है,” मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

“बनानेवाले को भी नहीं है,” त्यांचे यजमान म्हणाले, आणि दोघं उठले. पाठोपाठ बाकीचे उठले. पडद्यावर दहशतवाद्यांनी इमारती उडवल्या तरी टाळ्या वाजवणारे लोक हे, मिरच्या मागणारी पोर मात्र त्यांना सहन झाली नाही.

रूममेट डोळे पुसत होती. कारण फक्त मला माहीत होतं. दिल्लीतल्या पहिल्या वर्षी ती प्रिलिममध्येच नापास झाली होती आणि घरी तिने पास सांगितलं होतं. कित्येक महिने वडील फोनवर विचारायचे, मेन्सचा अभ्यास कसा चाललाय, आणि ही सांगायची, चाललाय. शेवटी गावी जाऊन तिने ते कबूल केलं, सगळ्यांच्या पाया पडली, आणि पुढच्या दिवाळीला घरी गेलीच नाही.

परतीच्या मेट्रोत ती म्हणाली, “माझ्याच जागी होती यार ती. मला वाटायचं अशी चूक केली की माणूस संपतो. ही तर मिरच्या मागते.”

मला विचाराल तर तो सिनेमा मध्ये बराच रेंगाळतो. पण त्याच्याबद्दल बोलणारी माझी मैत्रीण मला फार आवडायची. एरवी ती चाचरायची. इंग्रजी वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडायची, आणि तोवर समोरचा दुसरीकडे वळलेला असायचा. या सिनेमावर मात्र ती न थांबता बोलायची, हातवारे करायची, मध्येच हसायची. मला वाटायचं, बोर्डासमोर एवढं जरी झालं तरी पोरगी जिंकली.

ग्रुपने ठरवलं की तिचं उत्तर तपासायचं तर सिनेमा सगळ्यांनी बघायला हवा. तोवर तो मोबाइलवर बघता येऊ लागला होता. एका रविवारी सिनियरच्या खोलीत लॅपटॉप खुर्चीवर ठेवून सगळे बसले. शेवट झाला, पंखा फिरत राहिला. मग एकेकाने निकाल द्यायला सुरुवात केली. पोर आगाऊ आहे. निदान सॉरी तरी म्हणायचं. आईचं काय? हिच्यापासून तरुणांनी काय घ्यायचं? आणि मुली मुलांपेक्षा कडक निघाल्या. एक म्हणाली, “अशा मुलींमुळेच आपल्याला घरून पाठवत नाहीत.”

ह्याच मंडळींनी महिन्याभरापूर्वी एक सिनेमा डोक्यावर घेतला होता. त्यातला पोरगा वडिलांची मोटारसायकल परस्पर विकून मित्रांबरोबर समुद्र बघायला जातो. तेव्हा कुणी वडिलांचं काय असं विचारलं नव्हतं. “वय असतं यार,” असं म्हणून दोघातिघांनी डोळेसुद्धा टिपले होते. मी ते तिथल्या तिथे बोलून दाखवलं. सिनियर म्हणाला, “तो वेगळा विषय आहे.” कसा वेगळा, ते त्याने सांगितलं नाही आणि बाकी कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीत दिल्लीतली मराठी पोरं बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात, तसे आम्हीही गेलो. धुकं इतकं होतं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसलं नाही. नमस्कार झाले, घोषणा झाल्या, फोटो झाले. परतीच्या बसमध्ये नेहमीचा वाद रंगला. बायकामुलं बरोबर घ्यायला नको होती, रसदीकडे लक्ष द्यायला हवं होतं, इतकं थांबायला नको होतं. आणि प्रत्येक चुकीच्या शेवटी कुणीतरी म्हणायचं, “पण त्या परिस्थितीत ते तरी दुसरं काय करणार होते?” मग सगळे गप्प व्हायचे. खरोखर दुःखाने गप्प व्हायचे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “एवढं मोठं पानिपत झालं, तरी आपण थंडीत कुडकुडत येऊन त्यांची बाजू घेतो. मग बारावी नापास झालेल्या एका पोरीची घ्यायला काय हरकत आहे? तिला नव्हती का परिस्थिती?”

बस हसली. सिनियर म्हणाला, “मॅडम, मुलाखत तुमची नाहीये.”

ते खरं होतं. रूममेट खिडकीशी बसली होती आणि काचेवरचं धुकं रुमालाने पुसत होती. ती हसलीही नाही आणि माझ्या बाजूने बोललीही नाही.

शेवटचा शब्द सरांचा होता. सर म्हणजे विदर्भातल्या बौद्ध कुटुंबातले, मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते दर रविवारी आमच्यासारख्यांना बोलवायचे, सराव मुलाखत घ्यायचे आणि जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. बाहेर बाजारात कपड्यांच्या ढिगांवर झुंबड असायची, आणि आत बुद्धाच्या मूर्तीखालच्या सोफ्यावर आमच्यातला एकेक जण घाम पुसत बसायचा. सरांनी किती पोरं मार्गी लावली त्याची गणती नाही. एक पैसा कधी घेतला नाही त्यांनी.

त्यांनी तिला छंद विचारला, सिनेमा विचारला, आणि ती बोलत सुटली. बसस्टँडपर्यंत पोचली तेव्हा स्वयंपाकघरातून उपम्याच्या बश्या घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच थांबल्या होत्या. मला वाटलं, झालं, जिंकलं.

सरांनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “छान बोललीस. खरं बोललीस, ते दिसतं. पण हे बघ बेटा, बोर्ड म्हणजे शेवटी प्रेक्षकच असतात. प्रत्येकाच्या घरी एक मुलगी नाहीतर सून आहे. ते त्या पोरीला मार्क देणार नाहीत, तुला देणार आहेत. तिच्यावरचा राग तुझ्यावर निघेल.”

“सर, पण मला खरंच तसं वाटतं,” ती म्हणाली.

“बिल्कुल वाटू दे. ज्यांच्या घरात आजोबांपासून अफसर आहेत ना, त्यांनी खुशाल असं बोलावं. लोक म्हणतील, वा, काय ओरिजिनल विचार आहेत. तू बोललीस तर म्हणतील, संस्कार नाहीत. आपल्या घरातून पहिलं माणूस तिथे जाऊन बसतंय. आपल्याला हे परवडत नाही.”

त्यांच्यावर रागवायला गेले आणि मला रागवता आलं नाही. हे ते पुस्तकातून सांगत नव्हते, नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तशीच काढली होती. काकू बश्या ठेवता ठेवता म्हणाल्या, “आईला फसवते आणि वर भजी खात बसते. मला तर बाई नाहीच आवडली ती.” एवढंच बोलून त्या लिंबाच्या फोडी आणायला गेल्या.

मग आवडता म्हणून दुसरा सिनेमा ठरला. खेड्यातली धावपटू, अनवाणी सराव, शेवटी पदक, आणि पदक गळ्यात घालून वडिलांच्या पायावर डोकं. तो मला मेलेल्या माशासारखा निर्जीव वाटायचा, पण त्यात कुणाला काही खटकण्यासारखं नव्हतं हे खरं.

“आणि नावडता कोणता विचारलं तर?” सिनियर म्हणाला. “हल्ली विचारतात.”

ती विचार करायला लागली. सरच म्हणाले, “हाच सांग की. तुला तो सीन-बाय-सीन पाठ आहे. एवढी तयारी वाया कशाला घालवायची?”

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना न ओळखणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. आम्हाला अजिबात वाटलं नाही. आमच्यात काही वाया घालवत नाहीत. सोडलेल्या विषयाच्या नोट्स निबंधात जिरवतात, आजोबांचं आजारपण ग्रामीण आरोग्यावरच्या उत्तरात उदाहरण म्हणून येतं. जो सिनेमा तिला सगळ्यात जवळचा होता, त्याच्यावरच तिची सगळ्यात जास्त तयारी होती, म्हणून तोच नावडता ठरला. सगळ्यांनी मान डोलावली, सिनियरने तर “क्या बात है सर” असं म्हटलं. तिनेही मान डोलावली.

मुद्दे निघाले. नायिका खोटेपणाची किंमत मोजत नाही. आईच्या कष्टांची तिला जाणीव दिसत नाही. शेवटी तरुण प्रेक्षकांच्या हाती काही लागत नाही. रोज सकाळी नाश्त्याआधी मी बोर्ड व्हायचे आणि ती उमेदवार. पहिल्या दिवशी भज्यांपर्यंत आली आणि तिला हसू फुटलं. “नाही जमत यार, मला ती समोर दिसते,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती तिथे नुसती अडखळली. हळूहळू अडखळणं गेलं. वाक्यं गुळगुळीत झाली, हात मांडीवर स्थिर राहायला लागले, आणि त्या पोरीला नावं ठेवताना तिचं इंग्रजी इतकं सुरेख व्हायला लागलं की मलाच नवल वाटायचं. इंग्रजीतलं चाचरणं पार गेलं होतं. तिच्या प्रेमाने जे आलं नसतं ते तिच्या तक्रारीने आलं, आणि ते ऐकताना मला रोज थोडं वाईट वाटायचं.

मुलाखतीला ती काकूंची फिकट निळी साडी नेसून गेली. मी बाहेर रस्त्यावर इतर आईबापांच्या गर्दीत उभी होते. ती आली ती शांत होती. मेट्रोकडे चालताना तिने सगळं सांगितलं. आवडता विचारला, धावपटू सांगितली, त्यांनी मान हलवली. मग एका बाईंनी खरोखरच विचारलं, निराश करणारा एखादा? तिने सांगितला. एकही मुद्दा चुकला नाही. बाई हसून म्हणाल्या, मलाही ती मुलगी खटकली होती. तिथून पुढे सगळं सोपं गेलं.

“अगं मग मस्तच झालं की,” मी म्हटलं.

ती चालत राहिली. स्टेशनच्या जिन्यापाशी थांबून म्हणाली, “मी त्या पोरीविरुद्ध साक्ष देऊन आले गं. आणि साक्ष इतकी चांगली झाली की मलाच पटली.”

मी तिचा हात धरला. तिने साडीचा पदर सारखा केला, आणि आम्ही गाडी पकडली.

यादीत तिचं नाव आलं. सरांच्या घरी पेढे आले, सरांचे डोळे भरून आले, फोनवर तिचे वडील लहान मुलासारखे रडले. मीही रडले. आनंदानेच रडले, ते आजही नाकारणार नाही. गावातल्या घराला पक्कं छत आलं, धाकट्या बहिणी शिकायला शहरात गेल्या. सरांचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर ठरलं. मला तेच सलतं. ते चुकले असते तर कुणावर तरी चिडता आलं असतं.

मला नोएडात नोकरी लागली, ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीत. सराव मुलाखतींचे व्हिडिओ कापून नीटनेटके करणं हे माझं काम. निवड झाल्यावर ती आमच्या स्टुडिओत येऊन गेली होती आणि तिने छंदावरचं ते उत्तर कॅमेऱ्यासमोर पुन्हा दिलं होतं. लोकांनी ते उचलून धरलं. आता दर हंगामात मुली येतात, आवडता म्हणून पदकवाल्या मुलीचा सिनेमा सांगतात आणि नावडता म्हणून तो. तेच मुद्दे, त्याच क्रमाने. मध्यंतरी एकीला मी रेकॉर्डिंग थांबवून विचारलं, तू पाहिलायस का तो सिनेमा? ती म्हणाली, “नहीं दीदी, पर नापसंद में यही चलता है.”

तो सिनेमा करणारी बाई मला माहीत नाही. तिने त्यानंतर दुसरा केल्याचं ऐकलं नाही. थेटरात जे उठून गेले त्यांनी निदान तो पाहिला तरी होता. या मुली न बघताच त्या पोरीला नापास करतात, आणि मी त्यांचे अडखळण्याचे तुकडे कापून टाकते म्हणजे उत्तर सफाईदार दिसतं. पगार मिळतो त्याचा, तक्रार कुणाकडे करू?

मागच्या हिवाळ्यात ती मीटिंगसाठी दिल्लीला आली आणि एक दुपार माझ्याकडे नोएडाला जेवायला आली. आता जिल्ह्यात तिचा दरारा आहे. बोलते कमी, पण चाचरत नाही. मी पिठलं-भाकरी केली होती, ती पोटभर जेवली, आमच्या प्लायवूडच्या खोलीवरून आम्ही खूप हसलो. पलीकडच्या मुलीचं घोरणं, पाण्याच्या टाकीवरून झालेली भांडणं, सगळं तिला बारीकसारीक आठवत होतं. तेव्हा मला वाटलं, ती आहे, कुठे गेलेली नाही. तिच्या गाडीला वेळ होता. मी मुद्दाम तो सिनेमा टीव्हीवर लावला.

ती बघत होती, मध्येच फोनवर कुणाला तरी फाइलबद्दल सांगत होती. पेढ्यांचा प्रसंग आला तेव्हा मी चोरून तिच्याकडे पाहिलं. तिने फोन खाली ठेवला होता आणि कपाळाला आठी होती. मला आशा वाटली. मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं. बसस्टँड यावं, आणि तिने एकदा माझ्याकडे बघून पूर्वीसारखं हसावं. बस्स, एवढंच.

बसस्टँड आलं. पोरीने मिरच्या मागितल्या. ती हळूच म्हणाली, “इथे हिने परत जाऊन आईशी बोलायला हवं होतं. एवढंच करायचं होतं तिला.”

मला वाटलं ती थट्टा करतेय. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

“तुला किती आवडायचा हा सिनेमा,” मी म्हटलं.

“मला?” ती खरोखरच चकित झाली. “काहीतरीच काय. अगं, हा तर माझा नावडता. बोर्डासमोर सांगितला नव्हता का मी? विसरलीस?”

“हो गं, विसरलेच,” मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.